मोबदला घेतला म्हणून बोलायचं नाही?

“लाखानं पगार घेते थो, अन् वरून झोप मांगते!”

५ डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी पवनीजवळच्या एका लग्नात, पंगतीत माझ्यासमोर बसलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं हे वाक्य. त्या एका दिवसात देशभरात इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली होती. नवरीचा काका पुण्याच्या विमानतळावर अडकला होता आणि मंगलाष्टकं झाली तरी पोचला नव्हता. वैमानिकांना जास्त आराम द्यायचा नवा नियम आला आणि विमानं बंद पडली, एवढंच मंडपातल्या लोकांना टीव्हीवरून कळलं होतं. माझा भाचा वैमानिक आहे हे आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याची आई, म्हणजे माझी ताई, मागच्या ओळीतच जेवायला बसली होती. तिने ते ऐकलं आणि मान खाली घालून जेवत राहिली. दुसऱ्याच्या दारचं कार्य म्हणून मीही गप्प राहिलो. घरी आल्यावर त्या गप्प राहण्याची लाज वाटली. हे उत्तर म्हणूनच लिहितो आहे.

बोलणारे गृहस्थ दुष्ट नाहीत. आमच्या पुनर्वसनाच्या कागदांसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून बसभाडं घालून भंडारा-नागपूरच्या चकरा मारल्या आहेत. त्यांचं नाव मी लिहीत नाही आणि त्यांचं म्हणणं हलकंही समजत नाही, कारण ते एकट्याचं नाही. एवढा पगार मिळतो, वाट स्वतःच्या हौसेने धरली, विमान तर आपोआप उडतं, आणि यांच्या आरामापायी गरीब-मध्यमवर्गीय माणूस विमानतळाच्या फरशीवर झोपतो, मग तक्रार कसली? हे मी चहाच्या टपरीवर ऐकलं आहे आणि शिकलेल्या लोकांच्या बैठकीतही. या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: ज्याला पैसे मिळाले त्याने बोलायचं नसतं.

गोसीखुर्दच्या माणसाला ही समजूत नवी नाही. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी केली. राजकारणात येण्याआधी ते इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते, इतरांसारखेच महिन्याच्या पगारावर विमान चालवणारे. तेव्हा धरणाचा खर्च ३७२ कोटी धरला होता. तो पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला, २००९ साली प्रकल्प राष्ट्रीय झाला, तेहतीस दरवाज्यांमागे पाणी अडलं आणि त्या पाण्याखाली आमची गावं गेली. तेव्हापासून आम्ही कुठलीही मागणी घेऊन गेलो, नव्या गावठाणात नळाला पाणी नाही म्हटलं, स्मशानाला रस्ता नाही म्हटलं, की टेबलापलीकडून एकच प्रश्न यायचा: मोबदला घेतला ना? घेतला होता. धानाच्या बांध्या, चिंचेचं झाड, देवघराची भिंत या सगळ्याची एक रक्कम ठरली आणि ती घेतली. पण त्या रकमेत आमचं तोंड बंद करण्याची किंमत धरलेली नव्हती. जे गृहस्थ आमच्या बाजूने उभे राहून साहेबांना हे सांगायचे, त्यांनीच त्या दिवशी माझ्या भाच्याला साहेबांचा प्रश्न विचारला. मला लागलं ते तिथे.

आता हौसेबद्दल. भाऊजींनी मोबदल्यातली शिल्लक रक्कम मुलाच्या शिक्षणात घातली तेव्हाही लोक म्हणाले, पैसा हवेत उडवला. मुलगा बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात तालुक्यात पुढे होता. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडणारी प्रशिक्षण विमानं त्याने लहानपणी मावशीकडे सुट्टीत पाहिली होती. आमच्या भंडारा-गोंदिया भागातले प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री होते आणि त्याच वर्षांत बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आली. शेतकऱ्याच्या पोराला ते स्वप्न पडलं यात त्याचा दोष नाही. आम्हीच ते त्याच्या डोळ्यांसमोर आणून ठेवलं होतं.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान दोनशे तास उड्डाण लागतं. त्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो. परवाना हाती आला म्हणून कंपनीचं विमान चालवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात, आणि तेही बहुधा स्वतःच्या पैशाने, पंधरा-वीस लाखांनी. भाऊजींनी मोबदला घातला आणि वर पंचेचाळीस लाखांचं कर्ज काढलं. अकरा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत, महिन्याचा हप्ता जवळपास बासष्ट हजार. मुलाचा परवाना आला आणि २०२० ची टाळेबंदी लागली. देशभरातली विमानं जमिनीवर उभी राहिली, नोकरीत असलेल्या वैमानिकांचे पगार कापले गेले, कित्येकांना बिनपगारी रजेवर बसवलं. नव्या पोराला कोण विचारतो? अडीच वर्षं तो घरी होता. सकाळी ताईसोबत रोवणीला जायचा आणि रात्री लॅपटॉपवर विमानाच्या यंत्रणांचे तक्ते पाठ करायचा, कारण भरती निघाली तर परीक्षेत अडखळायला नको. हप्ते भाऊजींनी भरले. त्यांची तब्येत खालावली ती त्याच वर्षांत.

ज्या पगाराचा आकडा लोक सांगतात, तो असा येतो. नव्या सहवैमानिकाला दीड-दोन लाख मिळत असतील, कॅप्टनला पाच लाखांच्या वर. मी आकडे लपवत नाही, आमच्या गावात एवढा पगार दुसऱ्या कोणाला नाही. पण बापाची जमीन पाण्याखाली गेल्याचे पैसे आणि स्वतःच्या आयुष्याची दहा वर्षं गहाण टाकून तो आला आहे. शिवाय तो एका वैद्यकीय दाखल्यावर टांगलेला आहे. दरवर्षी आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी डॉक्टर हृदय, कान, डोळे, रक्त तपासतात. तिथे एक रेघ वाकडी निघाली की विमान बंद. इंजिनिअरला मधुमेह झाला तर तो गोळी घेऊन कामावर जातो. वैमानिकाला तीच गोळी डॉक्टरांच्या मंडळाला विचारून घ्यावी लागते. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, उड्डाणाआधी श्वासाची तपासणी. आणि नोकरी सोडायची म्हटली तर २०१७ च्या नियमाने कॅप्टनला बारा महिने आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. कंपनी बुडाली तर मात्र तिला अशी कुठली मुदत नसते. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, त्याच्या आधीच कित्येक महिने तिच्या वैमानिकांना पगार नव्हता, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं तेव्हाही ती माणसं थकबाकीची वाट पाहत होती.

विमान आपोआप उडतं, हे दुसरं म्हणणं. उडतं, हे खरं आहे. सरळ आकाशात, चांगल्या हवेत, यंत्र विमान धरून ठेवतं. पण यंत्राला जे सांगायचं ते माणूसच सांगतो, आणि यंत्र चुकतंय का हे पाहत बसणं हेच रात्री तीन वाजता सर्वांत कठीण काम असतं. माझ्या भाच्याने एकदा सांगितलं होतं, “मामा, झोप आधी डोळ्यात येतच नाही, आकड्यात येते. उंची वाचतो, अन् वाचली का नाही तेच आठवत नाही. मंग परत वाचतो.” तो हे सांगत होता तेव्हा नव्या गावठाणातल्या घरात भर दिवसा अकरा वाजता खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या होत्या, ताईने कुकरची शिट्टी काढून ठेवली होती आणि शेजारच्यांना ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन सुरू करा म्हणून हात जोडले होते. आदल्या रात्री त्याने चार वेळा विमान चढवलं-उतरवलं होतं.

आकड्यात आलेल्या झोपेचं काय होतं हे आपल्याकडच्या सरकारी अहवालांत लिहिलेलं आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे सहाच्या सुमारास मंगळूरच्या टेकडीवरून खाली गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात दोन तास पाच मिनिटांचा आवाज होता आणि त्यातली पहिली एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते. श्वासाचा, घोरण्याचा आवाज त्यात आहे. मग ते जागे झाले आणि झोपेच्या अंमलातच विमान उतरवायला बसले. शेजारचा सहवैमानिक पुन्हा वर चला, पुन्हा वर चला म्हणत राहिला. ते ध्वनिमुद्रण ऐकून कोणी म्हणावं की विमान आपोआप उडतं.

दुसरा अहवाल आमच्या जवळचा आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडच्या धावपट्टीवरून घसरून ज्या विमानाचे तुकडे झाले, त्याचे कॅप्टन दीपक साठे. आई-वडील नागपूरचे. हवाई दलात विंग कमांडर राहिलेले, अकादमीतून मानाची तलवार घेऊन बाहेर पडलेले. टाळेबंदीत परदेशी अडकलेल्या लोकांना घरी आणणाऱ्या फेरीत ते, त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार आणि १९ प्रवासी गेले. नागपुरात तेव्हा लोक रडले होते. वर्षभराने अहवाल आला तेव्हा काही जण म्हणाले, बघा, चूक वैमानिकाचीच निघाली. चूक होती, मी ती नाकारत नाही. विमान स्थिर नव्हतं, धावपट्टी निम्मी संपत आली तेव्हा टेकलं, आणि सहवैमानिकाने पुन्हा वर चला म्हटलं ते ऐकलं गेलं नाही. पण त्याच अहवालात पुढे लिहिलं आहे ते लोक वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान कोझिकोडहून साठ्यांनीच न्यायचं होतं, आणि विमान दुसरीकडे वळवलं तर ते सकाळचं उड्डाण बुडेल, या दडपणाने त्यांचा निर्णय वाकवला, असं चौकशी करणाऱ्यांनी नोंदवलं. कोझिकोडला २६ सहवैमानिक नेमलेले आणि कॅप्टन एक. अहवालाने कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाला सदोष म्हटलं आहे. पावसाळी रात्री, ओल्या धावपट्टीवर, एवढ्या अनुभवाच्या माणसाच्या मनात उद्याचं वेळापत्रक बसलेलं होतं. ते तिथे कोणी बसवलं, हा प्रश्न विचारायचा नाही का?

आणखी जवळ येतो. १७ ऑगस्ट २०२३ ला नागपूरच्या विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा चाळिशीतला वैमानिक चढण्याच्या दारापाशीच कोसळला आणि गेला. हृदयक्रिया थांबली. त्याच्या आराम आणि कामाच्या वेळा नियमात होत्या, म्हणून थकव्याने गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ताईने मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा फक्त एवढंच विचारलं की नागपूरहून काही बातमी आहे का. मुलाचा फोन लागत नव्हता, कारण तो हवेत होता.

आता त्या डिसेंबरकडे वळतो, कारण खरा वाद तिथे आहे. आरामाचे नवे नियम काही अचानक आभाळातून पडले नव्हते. ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या वेळेत सहा वेळा विमान उतरवता येत होतं ते दोनवर आणलं. त्याच वर्षी जूनपासून ते लागू व्हायचे होते. कंपन्यांनी वेळ मागितला, मिळाला. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि तिथे दोन टप्पे ठरले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे जवळपास दोन वर्षं हातात होती. देशातल्या विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी तेव्हा एकट्या इंडिगोकडे होते, आणि त्या कंपनीने स्वतः कबूल केलं की नियोजनात आणि अंदाजात चूक झाली. मग ५ डिसेंबरला काय झालं? ज्याची झोप वाढवायची होती त्याचीच झोप पुन्हा कापली गेली. त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही ही अट सगळ्यांसाठीच मागे घेतली.

लग्नातल्या गृहस्थांना मी एवढंच विचारतो. धानाच्या रोवणीला माणसं लागणार हे दोन वर्षं माहीत असलेला मालक मजूर ठरवत नाही, आणि ऐन पावसात जे चार मजूर हाती आहेत त्यांना म्हणतो, रात्रीही चिखलात उभे राहा. पीक गेलं तर तुम्ही मजुरांना दोष द्याल का? नवरीच्या काकाचा राग खरा आहे. तो माझाही आहे. तो फक्त चुकीच्या दारात नेऊन ठेवला गेला.

यावर एक उत्तर येतं, आणि ते सर्वांत वजनदार आहे. एसटीचा ड्रायव्हर पवनीहून रात्री गाडी घेऊन निघतो, पन्नास माणसं त्याच्याही मागे झोपलेली असतात, आणि त्याचा पगार वैमानिकाच्या पगाराच्या जवळपासही नसतो. त्याच्या झोपेची बातमी कोणी केली? हे खरं आहे, आणि मला त्याला बगल द्यायची नाही. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचारी संपावर होते. त्या काळात आमच्याच भागातल्या घरांत चुली कशा पेटल्या हे मी पाहिलं आहे. पण त्या दुःखाचा उपयोग वैमानिकाला गप्प करायला करायचा, हे मला पटत नाही. ड्रायव्हरला कमी मिळतं म्हणून वैमानिकाने थकून विमान चालवावं, यात ड्रायव्हरच्या हाती काय येतं? रात्रीच्या कामाला दिवसापेक्षा जास्त विश्रांती लागते, आणि झोप घेतल्याबद्दल पगार कापला जाऊ नये, हे तत्त्व एका ठिकाणी मान्य झालं तर एसटीच्या डेपोत ते मागायला तोंड राहील. वैमानिकांना विश्रांतीचे नियम मिळवायला न्यायालयात जावं लागलं. ड्रायव्हरने त्यांच्या बाजूने उभं राहावं, असं मी म्हणतो.

पगाराबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे, आणि ते रकमेपुरतं नाही. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत वैमानिकाच्या कमाईचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो. चाकाखालचा ठोकळा काढल्यापासून तो पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, तेवढाच तास. त्याआधी तास-सव्वा तास येऊन हवामान, इंधन, कागद पाहणं, दोन उड्डाणांच्या मधे तीन तास विमानतळावर बसणं, पहाटे दोनला उठून गाडीची वाट पाहणं, हे त्या मोजणीत येत नाही. काही तासांची हमी असते, पण हप्ते त्या हमीवर भागत नाहीत. आता अशा माणसाला कायदा सांगतो, थकला असशील तर उडू नकोस, तसं लिहून दे. कागदावर हा त्याचा हक्क आहे. पण तो वापरला की त्याचे तास जातात, तासांबरोबर पैसे जातात, आणि बासष्ट हजारांचा हप्ता पाच तारखेला बँकेतून कापला जातोच. कायदा त्याला नाही म्हणायला सांगतो आणि पगाराची रचना त्याला हो म्हणायला लावते.

माझ्या भाच्याने एकदा नाही म्हटलं. भाऊजी नागपूरला दवाखान्यात होते. तो दुसऱ्या टोकाला कुठेतरी उतरला, फोन चालू केला आणि बाप गेल्याचं त्याला विमानतळाच्या जिन्यावर कळलं. त्याच दिवशी त्याला अजून एक फेरी न्यायची होती. त्याने सांगितलं, माझं मन ठिकाणावर नाही, मी बसणार नाही. दुसरा वैमानिक आला, विमान उशिरा निघालं, कोणाला काही कळलं नाही. तेरवीनंतर पुढचे काही दिवसही तो उडाला नाही, कारण रात्री झोप येत नव्हती आणि तसं त्याने लिहून दिलं. त्या महिन्याचा पगार आला तेव्हा त्यातून जे कमी झालं होतं, ते हप्त्यापेक्षा जास्त होतं. कंपनी कोणती ते मी लिहीत नाही. जे तास उडाला नाही त्याचे पैसे दिले नाहीत, एवढं त्यांच्या नियमात बसत होतं. माझं भांडण त्या नियमाशी आहे. त्या संध्याकाळी त्या विमानातली माणसं सुखरूप घरी गेली, कारण एक तरुण आपलं मन तपासून बाजूला झाला. वैमानिकाच्या कामातलं सर्वांत मोलाचं काम त्याने त्या दिवशी केलं, आणि नेमकं त्याच दिवसाचं त्याला काही मिळालं नाही.

ही गोष्ट फक्त इथली नाही. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन कंपनीचं छोटं विमान पडलं आणि ५० माणसं गेली. त्यातली चोवीस वर्षांची सहवैमानिक सिअ‍ॅटलजवळ आई-वडिलांकडे राहायची, आणि कामाचं ठाणं होतं देशाच्या दुसऱ्या टोकाला नेवार्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानाने देश ओलांडून कामावर आली होती. तिला किती तुटपुंजा पगार होता हे चौकशीत निघालं तेव्हा तो श्रीमंत देश खजील झाला, आणि पुढे वैमानिकांच्या विश्रांतीचे व अनुभवाचे नियम कडक झाले. त्या अपघाताच्याच महिन्यात, हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जीव वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले होते. साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेल्या त्या माणसाने तिथे सांगितलं की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला, पेन्शन गेलं, आणि आपल्या मुलांनी या धंद्यात यावं असं वाटणारा एकही वैमानिक आपल्याला माहीत नाही.

आपल्याकडे रात्रीच्या हवाई टपालाचं केंद्रच नागपूर होतं. १९४९ साली ते सुरू झालं, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही बाजूंनी डकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या धावपट्टीवर भेटायची. थैल्या बदलायच्या, प्रवासी बदलायचे आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. सकाळी दारात आलेलं पत्र कोणाच्या झोपेवर आलं हे तेव्हाही कोणी विचारलं नाही. १२ डिसेंबर १९५३ ला नागपूरहून उडालेलं त्या टपालाचं एक विमान कोसळलं आणि १३ माणसं गेली. आजही रात्री धरणाच्या भिंतीजवळ उभं राहिलं की चारही दिशांना जाणारे दिवे वर दिसतात. देशाचे आकाशमार्ग आमच्या डोक्यावरच एकमेकांना छेदतात.

आणि ज्या नदीने आमची गावं घेतली, तिनेच या पेशाचं एक मोल आम्हाला दाखवलं. २६ एप्रिल २०१७ ला बिरसीहून उडालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला लागून नदीत पडलं. शिकवणारा आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेली. १८ मार्च २०२३ ला बिरसीहूनच निघालेलं दुसरं विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं, पुन्हा दोघं गेली. परवाना मिळण्याआधीच गेलेल्या या शिकणाऱ्या लेकरांना कुठल्या लाखाच्या पगाराचा हिशोब लावायचा?

ताईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. महिन्याचं रोस्टर आलं की मुलगा फोनवर वाचून दाखवतो आणि ती पेन्सिलीने एकेका चौकटीत लिहिते. एकादशीच्या खाली “२-४०”, म्हणजे पहाटे दोन चाळीसला गाडी येणार. चतुर्थीच्या खाली “बाहेर झोप”. दिवाळीच्या चारही चौकटींत “नाही”. रोस्टर मधेच बदलतं, मग खोडरबरने पुसून पुन्हा लिहिते, आणि काही चौकटींचा कागद पुसून पुसून पातळ झाला आहे. नोकरी लागल्यापासून पोळ्याच्या दिवशी तो घरी येऊ शकला ते एकदाच. भाऊजींच्या वर्षश्राद्धाच्या चौकटीत तिने काही लिहिलं नव्हतं. रोस्टर आल्यावर तिथे “स्टँडबाय” आलं, म्हणजे बोलावलं की निघायचं. तो शब्द तिला लिहिता येईना, म्हणून नुसती एक रेघ मारलेली आहे.

माझी मागणी साधी आहे आणि ती कंपन्यांकडे, सरकारकडे आणि त्या गृहस्थांकडेही आहे. पगाराचा मोठा भाग ठरलेला असू द्या, तासांवर लोंबकळणारा नको. थकव्याचं लिहून दिलं तर त्या दिवसाचे पैसे कापू नका. दोन वर्षं जाहीर असलेला नियम ऐन वेळी मागे घेऊ नका. आणि परवान्याला लागणारं कर्ज मुलाला नोकरी लागेपर्यंत थांबेल अशी सोय करा, नाहीतर हा पेशा फक्त पैसेवाल्यांच्या घरात राहील, आणि बिरसीची धावपट्टी शेजारी असून आमच्या पोरांच्या काही कामाची राहणार नाही.

परवा नव्या गावठाणातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. बारावी झाली आहे, गणितात चांगले गुण आहेत, भाच्यासारखं व्हायचं म्हणते. वडील माझ्याकडे पाहत होते. लग्नातलं ते बोलणं त्यांनीही ऐकलं असणार. मी तिला नको म्हटलं नाही. म्हटलं, बाई, आधी नागपूरला जाऊन मेडिकल करून घे, एक रुपयाही त्याआधी भरू नको. कर्जाचा हप्ता किती येईल ते बँकेकडून लिहून आण, आपण तिघं बसून पाहू. आणि उद्या कधी कंपनीचं पत्र हाती आलं, तर पगाराचा आकडा वाचण्याआधी हमीचे तास किती ते वाच, आणि ज्या दिवशी तू उडणार नाहीस म्हणशील त्या दिवशी तुला काय मिळेल ते विचार. तिने वहीत तेवढंच लिहून घेतलं आणि मेडिकलला फी किती लागते ते विचारलं.